ॲम्प्लिफायरला घराणं नसतं

स्टिरिओ घ्यायला निघालेल्या माणसाला दुकानदाराकडून, मासिकांतून आणि जाणकार मित्रांकडून एक उपदेश हमखास मिळतो: इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर कानांनी निवडा. इंग्लंडचे ॲम्प ‘उबदार’ वाजतात, जपानचे ‘नेमके पण कोरडे’, अमेरिकेचे ‘दणकट’. स्पीकर तिखट असतील तर मऊ ॲम्प जोडावा, सुस्त असतील तर तरतरीत. म्हणजे किराणा आणि जयपूर यांच्या गायकीत जसा फरक, तसाच ॲम्प्लिफायरांतही असतो, आणि ज्याचे कान तयार आहेत त्याला तो पाच मिनिटांत कळतो, असा हा सिद्धान्त आहे. तो इतक्या तोंडांनी आणि इतक्या ठामपणे सांगितला जातो की शंका काढणारा आपोआपच बहिरा ठरतो. माझ्या मते शंका काढायलाच हवी. चांगल्या बांधणीचे आणि आपल्या कुवतीच्या आत चालणारे दोन ट्रान्झिस्टर ॲम्प सारख्याच पातळीवर वाजवले, तर कोणता कुठला हे माणसाच्या कानाला ओळखता येत नाही. तेव्हा ॲम्प निवडायचा तो आपले स्पीकर, आपली खोली आणि आपल्याला लागणारी बटणं-जोडण्या पाहून. ‘स्वभावा’साठी मोजलेले पैसे आवाजात उतरत नाहीत.

ॲम्प्लिफायरचं काम मुळात फार मर्यादित आहे. सीडी प्लेयरकडून येणारा, जास्तीत जास्त 2 व्होल्टच्या आसपासचा सिग्नल घ्यायचा, त्याचा आकार न बिघडवता तो मोठा करायचा आणि स्पीकर मागेल तेवढा करंट त्याच्यामागे उभा करायचा. 8 ओहमच्या स्पीकरला 50 वॉट द्यायचे तर 20 व्होल्ट लागतात. म्हणजे दसपट वाढ, बस्स. इंग्लंडमधल्या क्वाड कंपनीचे संस्थापक पीटर वॉकर आदर्श ॲम्पची कल्पना ‘वाढ देणारी सरळ तार’ अशी मांडत. प्रत्यक्षातले ॲम्प या तारेच्या किती जवळ पोचले आहेत, हे 1978 मध्ये त्यांच्याच कंपनीच्या तीन ॲम्पवर तपासलं गेलं: 1953 चा व्हॉल्व्हवरचा क्वाड टू, 1967 चा ट्रान्झिस्टरवरचा 303 आणि 1975 चा 405. पातळी काटेकोर जुळवली होती आणि कोणता ॲम्प चालू आहे हे ऐकणाऱ्यांना माहीत नव्हतं. नाणेफेकीपेक्षा बरा निकाल श्रोत्यांना देता आला नाही. इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नवा 405 जुन्यापेक्षा सरस वाजतो असं सिद्ध होण्यात क्वाडचा फायदाच होता. आपल्याच नव्या मालाच्या जाहिरातीला मारक ठरेल असा निकाल उघड करणाऱ्या उत्पादकाची साक्ष, माल विकणाऱ्याच्या साक्षीपेक्षा जास्त वजनाची मानायला हवी.

1987 च्या जानेवारीत ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकानं हाच प्रश्न आणखी मोठ्या फरकानं ताणून पाहिला. एका टोकाला सुमारे 220 डॉलरचा साधा रिसीव्हर, दुसऱ्या टोकाला 12,000 डॉलरची व्हॉल्व्ह ॲम्पची जोडी. 25 श्रोत्यांमध्ये ‘फरक असतोच’ म्हणणारेही होते आणि ‘नसतो’ म्हणणारेही. ॲम्प दिसत नव्हते तेव्हा दोन्ही गटांचे निकाल सारखेच अंदाजपंचे निघाले. किमतीतला पन्नासपटीहून मोठा फरक कानाला सापडला नाही. मग पुढच्या मॉडेलसाठी मोजलेले आणखी तीस हजार रुपये कुठे ऐकू येतात, हे सांगण्याची जबाबदारी ते मोजायला लावणाऱ्याची आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हजारो लोकांना फरक ऐकू येतो, तो काय सगळा भ्रम? भ्रम म्हणणं अन्यायाचं होईल. पुष्कळदा फरक खरोखरच असतो, पण तो ॲम्पच्या गुणवत्तेचा नसून पातळीचा असतो. प्रत्येक ॲम्पची वाढ वेगळी, व्हॉल्यूमच्या बटणाची चाल वेगळी. दोन्ही बटणं घड्याळातल्या दहाच्या ठिकाणी ठेवली म्हणजे आवाज सारखा झाला असं होत नाही. आणि कानाची गंमत अशी की अर्ध्या डेसिबलची वाढ त्याला ‘मोठा आवाज’ म्हणून कळत नाही. ती ‘खुललेला’, ‘जवळचा’, ‘जिवंत’ अशा विशेषणांतून कळते. म्हणून गंभीर चाचणीत स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर लावून पातळी 0.1 डेसिबलपर्यंत जुळवतात. दुकानात मीटर बाहेर निघत नाही. तिथे एक ॲम्प बंद होतो, तारा बदलल्या जातात, गप्पा होतात, दोन-तीन मिनिटांनी दुसरा सुरू होतो, आणि मधल्या काळात किमतीची चिठ्ठी, समोरची जाड ॲल्युमिनियमची पाटी, दुकानदाराच्या भुवया हे सगळं ऐकण्यात मिसळतं. त्यानंतर जो निवाडा होतो त्याला कानाचा निवाडा म्हणणं हा कानावरच आळ घेण्यासारखा प्रकार आहे.

दुसरा आक्षेप जरा बारकाईचा आहे. पडद्याआडच्या चाचणीत श्रोत्यावर दडपण येतं, तुकडे छोटे असतात, आणि खरा फरक आठवड्या-महिन्यांच्या सहवासात उलगडतो, असं म्हटलं जातं. दडपणाचा मुद्दा मान्य केला तरी तो अर्धवट आहे. याच पद्धतीनं, याच दडपणाखाली, आवाज आकुंचित करणाऱ्या डिजिटल फाइलींतले बारीक दोष आणि वरच्या पट्टीतली थोडीशी उचल श्रोत्यांना पकडता येते. जी चाळणी खडा पकडते, तिला खडा सापडला नाही तर आधी तांदूळ स्वच्छ असण्याची शक्यता मान्य करायला हवी. सहवासाचं म्हणाल तर महिनाभर ऐकायला कुणी अडवलेलं नाही; कोणता ॲम्प चालू आहे तेवढं लपवलेलं असावं, एवढीच अट. शिवाय आवाजाच्या बारकाव्यांची स्मृती फार अल्पजीवी असते. जूनमध्ये ऐकलेल्या ॲम्पची जुलैतल्या ॲम्पशी केलेली तुलना ही दोन आवाजांची तुलना उरत नाही. ती एका आवाजाची आणि एका मताची तुलना होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत आदरणीय वाटतो, कारण त्यात एक तात्त्विक नम्रता आहे: जे मोजता येतं तेवढंच असतं असं कशावरून? कदाचित असं काही असेल ज्यासाठी अजून मीटरच बनलेला नाही. पण ॲम्पच्या बाबतीत या शंकेला एक विलक्षण उत्तर उपलब्ध आहे, आणि ते विकृतीच्या टक्केवारीवर अवलंबून नाही. ॲम्पमध्ये शिरलेला सिग्नल आणि त्यातून बाहेर आलेला सिग्नल योग्य प्रमाणात कमी करून एकमेकांतून वजा करायचा. जे उरेल ते म्हणजे ॲम्पनं स्वतःचं घातलेलं सगळं. ज्याला नाव आहे तेही आणि ज्याला अजून नाव मिळालेलं नाही तेही. वॉकर आणि अमेरिकेतले डेव्हिड हॅफलर, दोघांनीही हा मार्ग वापरला. उरलेलं शेष जर संगीताच्या खाली इतकं दडलेलं असेल की शांत खोलीतही ऐकू येत नाही, तर अज्ञात गुणानं लपायचं कुठे?

याच तंत्राचा सर्वांत नाट्यमय प्रयोग 1985 मध्ये अमेरिकी ॲम्प-निर्माते बॉब कार्व्हर यांनी केला. ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांना त्यांनी आव्हान दिलं की तुम्ही निवडाल त्या महागड्या ॲम्पसारखा माझा स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्प मी वाजवून दाखवतो. संपादकांनी व्हॉल्व्हवरचा एक भारी ॲम्प पुढे केला. कार्व्हर हॉटेलच्या खोलीत बसून आपल्या ॲम्पच्या सर्किटमध्ये बदल करत गेले आणि दोघांच्या आउटपुटची वजाबाकी जवळजवळ शून्यावर, सुमारे 70 डेसिबल खाली, नेली. सुरुवातीला संपादकांना फरक ऐकू येत होता; जुळणी नेटकी झाल्यावर तो येईनासा झाला. या प्रयोगाचा अर्थ ‘सगळे ॲम्प सारखे’ असा लावणं चूक आहे. उलट, ते दोन ॲम्प आधी वेगळे वाजत होते. अर्थ एवढाच की वेगळेपण कशातून येतं ते शोधता येतं, मोजता येतं आणि थोडक्या रुपयांच्या सुट्या भागांनी नक्कल करता येतं. ज्याची नक्कल इतकी सोपी, त्याला परंपरा, घडण किंवा कारागिराचा स्पर्श म्हणून विकणं हा व्यापार आहे.

इथे माझ्याच बाजूच्या लोकांशीही भांडायला हवं. ‘ॲम्प सगळे सारखेच, मिळेल तो सर्वांत स्वस्त उचला’ असं म्हणणारा पंथ आता वाढतो आहे, आणि तोही तितकाच निष्काळजी आहे. व्हॉल्व्हवरच्या पुष्कळ ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स एक-दोन ओहम किंवा त्याहून जास्त असतो. स्पीकरचा इम्पीडन्स मात्र सगळ्या सुरांना एकच नसतो. तो कुठे 4 ओहमवर उतरतो, कुठे 20 च्या वर चढतो. अशा ॲम्पवर स्पीकरच्या त्या चढउताराचा ठसा आवाजावर उमटतो, आणि दीड-दोन डेसिबलचा हा फरक कुणालाही ऐकू येईल. तो काहींना आवडतो. आवडो बापडा, पण ती आवड ‘टोन’ बदलण्याची आहे, आणि त्याच ॲम्पला दुसरा स्पीकर लावला की तो टोनही बदलतो. काही स्वस्त क्लास डी (स्विचिंग पद्धतीच्या) ॲम्पमध्येही असंच होतं: शेवटचा फिल्टर फीडबॅकच्या बाहेर राहिलेला असल्यानं वरच्या पट्टीतला आवाज स्पीकरप्रमाणे चढतो-उतरतो. ब्रुनो पुटझेस यांनी आधी फिलिप्समध्ये आणि नंतर हायपेक्समध्ये जे क्लास डी घडवले, त्यांनी फिल्टरलाच फीडबॅकच्या कक्षेत घेऊन हा दोष जवळपास संपवला. एकाच ‘क्लास’च्या नावाखाली दोन्ही विकले जातात, तेव्हा क्लासचं अक्षर पाहून निवाडा करणाऱ्यानंही सावध असावं.

आणि भाराचा प्रश्न तर सर्वांत मोठा. ‘8 ओहम’ असं छापलेला स्पीकर मानकाप्रमाणे त्याच्या 80 टक्क्यांखाली, म्हणजे 6.4 ओहमखाली जायला नको. प्रत्यक्षात बरेच स्पीकर 4 च्या आसपास, काही 3 पर्यंत घसरतात. व्होल्टेज तेच ठेवून ओहम अर्धे झाले की करंट दुप्पट लागतो. ज्याचा पॉवर सप्लाय बेताचा, तो ॲम्प इथे मान टाकतो. 1978 च्या एनएडी 3020 ची दंतकथा इथून समजून घ्यावी. कागदावर फक्त 20 वॉटचा हा स्वस्त ॲम्प आपल्यापेक्षा कितीतरी महाग ॲम्पना खाली बघायला लावतो अशी त्याची ख्याती झाली, आणि आजही त्याचं कौतुक ‘संगीतमय’ अशा विशेषणांनी होतं. त्याची खरी पुण्याई अशी की अवघड भाराला तो करंट देऊ शकत असे, क्षणिक उसळीला छापील वॉटच्या जवळपास दुप्पट शक्ती देत असे, आणि कुवत संपली तर सिग्नलचं टोक कचकन कापण्याऐवजी हलकेच गोल करणारं सर्किट त्यात होतं. ही तिन्ही कारणं मोजमापाची आहेत. म्हणून माहितीपत्रकात 8 आणि 4 ओहम या दोन्ही भारांवरचे आकडे पाहावेत. 8 ला 50 आणि 4 ला 90 देणारा ॲम्प, 8 ला 80 आणि 4 ला कसेबसे 85 देणाऱ्यापेक्षा अवघड स्पीकरसाठी जास्त भरवशाचा.

वॉटविषयीचा गोंधळ तर आपल्याकडे पिढीजात आहे. नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत टू-इन-वनवर हजार-हजार ‘पीएमपीओ’ वॉट छापलेले असत. त्या आकड्याला कोणतंही सर्वमान्य मानक नव्हतं. मागच्या बाजूला ‘60 वॉट वीज लागते’ असं लिहिलेलं यंत्र पुढच्या बाजूनं हजार वॉट कुठून आणणार, हे विचारण्याची पद्धत नव्हती एवढंच. अमेरिकेत 1974 मध्येच अशा जाहिरातींना नियमानं वेसण घातली गेली. किती ओहमवर, कोणत्या पट्ट्यात, किती विकृतीसह आणि सलग किती वॉट, हे सांगणं तिथे बंधनकारक झालं. आजही आकडा वाचताना याच गोष्टी विचाराव्यात. 1 किलोहर्ट्झला, 10 टक्के विकृतीवर मोजलेले 100 वॉट हे पीएमपीओचं सुधारलेलं भावंड आहे.

आता प्रत्यक्ष किती वॉट लागतात? स्पीकरची संवेदनशीलता 87 डेसिबल असेल तर एका वॉटला एक मीटरवर तेवढा आवाज मिळतो. दिवाणखान्यात तीन मीटरवर बसलं की तो उतरतो, दोन स्पीकर मिळून थोडा भरून येतो. ढोबळमानानं बसायच्या जागी 85 धरायला हरकत नाही. घरात निवांत ऐकताना सरासरी 75 च्या आसपास असते. म्हणजे ॲम्प एक दशांश वॉट देत असतो. पण तबल्याची एक कडक थाप सरासरीच्या 20 डेसिबल वर उसळू शकते, आणि 20 डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती: 10 वॉट. सरासरी 85 वर ऐकणाऱ्या हौशी माणसाला त्याच हिशेबानं 100 वॉट लागतील. संवेदनशीलता 84 असलेला छोटा स्पीकर घेतला तर दोन्ही आकडे दुप्पट. हा हिशेब ज्यानं केला त्याला 50 ऐवजी 60 वॉटचं मॉडेल घ्यावं का, हा प्रश्न पडत नाही. तो फरक एक डेसिबलसुद्धा नाही. आणि ज्यानं केला नाही, तो ॲम्पला टोकापर्यंत ढकलून आवाज फाटला की ‘या ॲम्पचा स्वभाव कर्कश आहे’ असा निष्कर्ष काढतो.

‘शुद्धतावादी’ बाजारानं सर्वांत मोठं नुकसान मात्र बटणांचं केलं आहे. महाग ॲम्पवरून बास-ट्रेबलची बटणं नाहीशी झाली, कारण म्हणे ती सिग्नलच्या वाटेत येतात. 1952 मध्ये पीटर बॅक्सँडॉल यांनी प्रसिद्ध केलेलं टोन कंट्रोलचं सर्किट मधोमध ठेवलं की कानाला जाणवेल असं काही करत नाही. फिरवलं की मात्र ते खरोखर आवाज बदलतं. म्हणजे ज्याचा फरक ऐकू येतो ते काढून टाकायचं आणि ज्याचा ऐकू येत नाही त्याचे पैसे घ्यायचे, असा हा व्यवहार. ज्याच्याकडे अब्दुल करीम खाँ किंवा बालगंधर्वांच्या 78 च्या तबकड्यांवरून उतरवलेलं ध्वनिमुद्रण आहे, त्याला ट्रेबल थोडा उतरवता न येणं ही अडचण रोजची आहे. त्या तबकड्यांच्या काळात सगळ्या कंपन्यांचं इक्वलायझेशन एक नव्हतं. सर्वांना समान असं 1954 चं आरआयएए वळण नंतर आलं. तसंच लाउडनेसचं. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवून दिलं की आवाज हळू केला की कानाला खालचे सूर तुलनेनं फारच कमी ऐकू येतात. फ्लॅटच्या भिंतीपलीकडे शेजारी झोपलेला असताना रात्री अकराला ऐकणाऱ्याला, हळूहळू कमी-जास्त करता येणारं लाउडनेसचं बटण (यामाहाच्या काही ॲम्पवर ते आहे) कोणत्याही ‘उबदार स्वभावा’पेक्षा जास्त उपयोगी पडेल. रेकॉर्ड प्लेयर असेल तर चांगली फोनो जोडणी, टीव्ही जोडायचा असेल तर एचडीएमआय, सबवूफर असेल तर त्यासाठी वेगळी जोडणी आणि मुख्य स्पीकरवरून खालचे सूर काढून घेणारा फिल्टर: पैसे इथे मोजावेत.

‘पण मग स्पीकरशी जुळणी, सिनर्जी, काहीच नसते का?’ असते, ती वर सांगितलेल्या ओहम आणि वॉटची. बाकी जुळणी खोलीशी करायची आहे. बारा फुटी खोलीत समोरासमोरच्या भिंतींमधला पहिला अनुनाद 47 हर्ट्झच्या आसपास येतो. त्यानं खालचे काही सूर दहा-दहा डेसिबलनं फुगतात, काही बसायच्या जागी जवळपास गायब होतात. टाइल्सची फरशी आणि उघड्या भिंती वरचे सूर उसळवतात. तिथे तिखट वाटणारा आवाज मऊ ॲम्पनं शमत नाही. स्पीकर भिंतीपासून सरकवून, सतरंजी अंथरून, पुस्तकांचं कपाट हलवून शमतो. एकूण खर्चाचा मोठा भाग ॲम्पवर घालावा हा उपदेश म्हणूनच उलटा करायला हवा: सिंहाचा वाटा स्पीकरचा, मग खोलीचा, उरेल तो ॲम्पचा.

शेवटी एक आक्षेप उरतो आणि तो मला मान्य आहे: महाग वस्तू नुसती आवाजासाठी घेत नाहीत. जड बटण फिरवायचा आनंद, वीस वर्षं टिकेल असा रिले, शॉर्ट झालं तर स्पीकर वाचवणारं संरक्षण, शहरात मिळणारी दुरुस्ती, यांचे पैसे रास्त आहेत. पण मग त्या निकषांवर तरी नीट तपासावं. चॅनेलला 50 वॉट देणारा खरा क्लास ए स्टिरिओ ॲम्प, कुणी ऐकत असो वा नसो, उत्तम परिस्थितीतही सतत 200 वॉट वीज खातो आणि तिची उष्णता करतो. नागपूरच्या मे महिन्यात बंद कपाटात ठेवलेल्या अशा ॲम्पच्या कपॅसिटरांचं आयुष्य किती उरेल हे विक्रेत्याला विचारावं. ॲम्प आयात केलेला असेल तर सुटे भाग कुठून येतात, वॉरंटी कंपनीची की दुकानाची, आणि व्होल्टेज वर-खाली झाल्यानं जळलेला बोर्ड तिच्यात धरतात का, हेही बिल फाडण्याआधी लेखी घ्यावं.